एक्केचाळीस दिवस, दोघंच

हेल्मेट डोक्यात बसलं आणि दुकान एकदम लांब गेलं. रस्त्यावरची वाहनं, काउंटरवरचा रेडिओ, कुणीतरी जॅकेटची चेन वरखाली करून बघत होतं तो आवाज, सगळं गादीखाली दडपल्यासारखं झालं. ती आरशासमोर उभी होती. आरशात एक पांढरं, गोल, बिनचेहऱ्याचं डोकं होतं आणि त्याखाली तिचा कामावरचा रोजचा सदरा. आतलं अस्तर गालांना जरा जास्तच दाबत होतं. ते सांगायला ती दुकानदाराकडे वळणार, इतक्यात तिच्या डाव्या कानात तिचा नवरा बोलला. "रस्त्याची नाही हो," तो म्हणाला. आवाज पातेल्याच्या तळातून आल्यासारखा, पण स्वच्छ. तिला आधी वाटलं, तो तिच्याशीच बोलतोय. मग लक्षात आलं की दोन्ही हेल्मेटांना बसवलेला इंटरकॉम दुकानदारानं मघाशी जोडून दिला होता, आणि किती लांबपर्यंत ऐकू येतं ते बघायला नवरा आणि दुकानदार बाहेर फुटपाथवर गेले होते. नवऱ्यानं हेल्मेट काढून हातात घेतलं असावं. काढलं की बंद होतं, असं त्याला वाटलं असावं. "रस्त्याची काय भीती? एक्केचाळीस दिवस आम्ही दोघंच असणार ना, त्याची वाटते." दुकानदार मोठ्यानं हसला. नवरा हसला नाही. हसण्याआधी माणूस जो एवढासा श्वास घेतो, तोही तिला ऐकू आला नाही, आणि अशा गोष्टी ऐकण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. तिनं हनुवटीखालचा पट्टा सोडला, हेल्मेट उतरवलं, केस सारखे केले. दोघं आत आले तेव्हा ती म्हणाली, "गालाला घट्ट होतंय जरा." दुकानदार म्हणाला, "वापरून सैल होतं, ताई." नवरा म्हणाला, "माझं ऐकू आलं का तुला?" आणि ती म्हणाली, "नाही. नुसती खरखर."

ती श्रवणतज्ज्ञ होती. दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर, जाड भिंतींच्या एका छोट्या खोलीत ती माणसांना बसवायची आणि काचेच्या या बाजूला बसून त्यांच्या कानात बारीक सूर सोडायची. ऐकू आलं की बटण दाबायचं, एवढंच माणसाचं काम. एवढ्याशा कामातही माणसं काय काय करतात हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. काहीजण ऐकू येत असून बटण दाबत नाहीत. कुठल्या तरी दाव्यासाठी किंवा रजेसाठी त्यांना बहिरं ठरायचं असतं. त्यांना पकडणं सोपं असतं, कारण सूर आला की त्यांची पापणी हलते. उलट काहीजण ऐकू येत नसताना दाबत राहतात, अंदाजानं, शाळेतल्या मुलासारखं, पास व्हायचं म्हणून. त्यांची तिला कीव येई. त्या सोमवारी एक म्हातारा शिंपी आला होता, बरोबर बायको. "यांना माझंच तेवढं ऐकू येत नाही," बायको म्हणाली. शिंपी गप्प. तपासलं तर कान वयाच्या मानानं चांगले निघाले. आलेख हातात धरून ती त्यांना समजावून सांगू लागली, आणि एरवी अशा वेळी ती जो एक ठरलेला विनोद करायची तो तिला आठवेना. म्हातारी आलेखाकडे बघत म्हणाली, "म्हणजे येतंय ऐकू." एवढंच म्हणाली. मग पिशवी उचलून नवऱ्याच्या आधी बाहेर पडली.

तिला राग आला नव्हता. राग येईल म्हणून ती दोनतीन दिवस वाट बघत होती. भांडी आवरताना, बसच्या थांब्यावर, दात घासताना ती आत डोकावून बघायची, आला का. पण तिथे नुसतं ते वाक्य होतं, धुवून वाळत घातल्यासारखं. हा बेत मुळात कुणाचा, हेच आता तिला नीट सांगता येईना. लेक शिकायला दुसऱ्या शहरात गेली त्याला दोन वर्षं होत आली. तिच्या खोलीचं दार आठवडाभर लावलेलं होतं आणि मग एका रविवारी नवऱ्यानं ते उघडून तिच्या टेबलावर नकाशा पसरला. की नकाशा आपणच आणला होता? या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, सबंध देश आडवा ओलांडायचा, दोन मोटरसायकलींवर. लग्नाआधी एकदा ते असं काहीतरी बोलले होते हे मात्र खरं. तो म्हणाला होता की तिच्यासाठी करतोय. तिनं बहिणीला सांगितलं होतं की त्याच्यासाठी करतेय. धाकटी बहीण फोनवर खदखदून हसली होती. "अगं, या वयात लोक गुडघ्यांचा विचार करतात, तू गिअरचा करतेस?" तरी ती शिकली. सेहेचाळिसाव्या वर्षी, बस डेपोच्या रिकाम्या मैदानात, एका तोंडाळ शिकवणारणीच्या हाताखाली. ती बाई लांबून ओरडायची, "खाली काय बघताय, जमीन कुठे पळून जात नाही, समोर बघा!" परवाना मिळाला त्या दिवशी नवऱ्यानं तो हातात घेऊन, उलटून पालटून, लिफ्टचा दाखला तपासावा तसा तपासला होता. तो लिफ्ट तपासनीस होता. दिवसभर उंच इमारतींच्या डोक्यावरच्या यंत्रखोल्यांत दोरखंडांना हात लावून बघणं, खाली खड्ड्यात उतरणं, आणि मधल्या वेळात अनोळखी माणसांबरोबर वरखाली करणं. लिफ्टमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. एकदा तिनं त्याला म्हटलं होतं, की तू तीच सवय घरी घेऊन येतोस. तेव्हा तो हसला होता.

पूर्वी तो बोलायचा. दोघं एकाच इमारतीत भाड्याच्या खोल्यांत राहायची, त्याची जुनी मोटरसायकल सकाळी सुरू व्हायची नाही आणि ती कामावर जाता जाता ढकलून द्यायची, तिथून सुरुवात. मग ती मागे बसू लागली. तो गाडी चालवताना सतत बोले, मान अर्धवट वळवून, ओरडून, आणि त्यातलं अर्धं वाऱ्यात जाई. "काय?" असं दरवेळी विचारायचा तिला संकोच वाटे. म्हणून राहिलेलं अर्धं ती स्वतःच भरून काढी आणि त्याला उत्तर देई, आणि तिचंही अर्धं वाऱ्यात जात असणार. आता हेल्मेटच्या त्या कोरड्या, स्पष्ट वाक्यानंतर तिला पहिल्यांदाच प्रश्न पडला, की आपण ज्याच्याशी लग्न केलं त्यातला किती भाग खरोखर बोलला गेला होता आणि किती आपण भरलेला होता. प्रश्न जरा गमतीचाही वाटला. रुग्णांना ती नेहमी सांगायची, मेंदू गाळलेल्या जागा भरतो, म्हणून तुम्हाला वाटतं की ऐकू येतंय.

तयारी थांबली नाही. उलट जोर चढला. संध्याकाळी जेवण झालं की दोघं लेकीच्या खोलीत जात, तो खुर्चीवर, ती पलंगाच्या कडेला. टेबलावर नकाशा, त्यावर चष्म्याची घरं, टाचण्या, चहाच्या कपांचे डाग. तंबू घ्यायचा की नाही? घ्यायचा. पावसाचे बूट? तो म्हणे, "घोट्यापर्यंतचे बस झाले," ती म्हणे, "गुडघ्यापर्यंतचे हवेत." यावर वीस मिनिटं जात. एका संध्याकाळी तिनं काही न ठरवता मोजलं, आज आपण एकमेकांशी किती वाक्यं बोललो. टायर, साखळीचं तेल, मुक्कामाची गावं, पेट्रोल पंपांमधली अंतरं, हे सगळं वगळलं तर चार राहिली. त्यातलं एक "दिवा घालव" होतं. आणि मग तिला कळलं की तो कशाला घाबरतोय. दोन वर्षं त्यांना बोलायला हा प्रवास होता. निघाल्यावर प्रवास असेल, बेत नसेल. टेबलावरचा नकाशा गुंडाळला की त्याखाली काय आहे, हे दोघांनीही दोन वर्षांत उचलून पाहिलं नव्हतं. तिनं मान वर केली. तो भिंग लावून एका घाटातली वळणं बघत होता, ओठ किंचित हलत होते, आणि भिंगाखाली रस्ता फुगून त्याच्या बोटाएवढा झाला होता. सांगून टाकावं, मी ऐकलंय म्हणून. तिनं तोंड उघडलं. "घाटात सकाळीच गेलेलं बरं," ती म्हणाली. "हो," तो म्हणाला, आणि मग भिंग खाली ठेवून उगाचच बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, चष्मा बदलायला झालाय याचा.

निघायच्या महिनाभर आधी त्यांनी दोन दिवसांची तालीम ठरवली; तलावाकाठच्या एका गावी जायचं, राहायचं, परत यायचं. सामान सगळं लादलं, जणू मोठ्या प्रवासालाच निघालेत. दोघांचे फोन त्याच्याकडे होते, एक हँडलवर रस्ता दाखवायला आणि दुसरा पिशवीत, चार्जिंगला लावलेला. तो पुढे, ती मागे. कानात त्याचा श्वास. ही गोष्ट तिनं धरली नव्हती. कित्येक वर्षांत तिनं त्याचा श्वास इतक्या जवळून, इतका वेळ ऐकला नव्हता. चढावर तो थोडा जड होई, ट्रकला मागे टाकताना थांबे, मग पुन्हा सुटे. पहिल्या तासात ते एवढं बोलले. "पुढे खड्डा." "दिसला." "ऊन डोळ्यांवर येतंय का?" "नाही." "बरं." दोन्ही बाजूंना कापून झालेली शेतं, मग विटांच्या भट्ट्या, मग पुन्हा शेतं. हातांना कंपनांमुळे मुंग्या आल्या होत्या. मग एक फाटा आला. पाटीवर तलावाचं गाव उजवीकडे दाखवलं होतं, ठसठशीत, बाणासकट. तो सरळ गेला. तिला वाटलं, आता दिवा लावेल, आता थांबेल, तो गेलाच. सांगायला एक शब्द पुरला असता. तिच्या तोंडाशी नुसता माइक होता, बोटभर अंतरावर. तिनं वेग कमी केला, मागे बघितलं आणि उजवीकडे वळली.

अर्ध्या मिनिटानं कानात आवाज आला, "आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली.

मग खरखर, मग एक अर्धा शब्द, मग काही नाही. गाडी तिनं थांबवली नाही. श्वास गेला होता. हेल्मेटमध्ये आता फक्त तिचा स्वतःचा होता आणि तो चांगला मोकळा चालला होता, याची तिला लाज वाटली. रस्ता सरळ, रिकामा. शिकवणारणीनं सांगितल्यासारखी ती समोर बघत राहिली. वीसेक किलोमीटरवर रस्त्याकडेला एक खाणावळ लागली, बाहेर चार टेबलं, मागे लाकडाची वखार. तिनं गाडी अशी लावली की रस्त्यावरून सहज दिसावी. चहा मागवला. वखारीत करवत चालू होती. ओंडक्यात शिरताना तिचा सूर खाली येई आणि बाहेर पडताना वर चढे, आणि ती सवयीनं मनात आकडे टाकत होती, हा इतक्या पट्टीचा, हा इतक्या. पाऊण तास गेला. तासाला ती उठून रस्त्यावर जाऊन आली. त्याला काही झालं असेल हा विचार तिला तेव्हा पहिल्यांदा आला, इतक्या उशिरा, आणि मग तो जाईना. चहा देणाऱ्या बाईनं विचारलं, "कुणी यायचंय का?" "नवरा," ती म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून वेगळाच निघाला, कुणाकडून उसना आणल्यासारखा.

तो आला तेव्हा उलट्या बाजूनं आला, शहराकडून नाही, तलावाकडून; म्हणजे पुढच्या रस्त्यानं तलावाच्या गावापर्यंत जाऊन, शोधून, परत फिरलेला. गाडी स्टँडवर लावायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. हेल्मेट काढलं तेव्हा कपाळावर पट्टीचा लाल वण होता. "पडलीस का कुठे? लागलंय का? मी त्या पुलाखाली वाकून बघून आलो. खाली उतरलो, चिखलात, तिथं काहीतरी पांढरं होतं, पोतं निघालं. पंपावर विचारलं, पांढरं हेल्मेट, बाई, एकटी, कुणी पाहिलं का? तो म्हणतो, काका, एकट्या बाईला इथं सगळ्यांनीच पाहिलं असतं. फोन पण माझ्याकडे, दोन्ही, एका फोनवरून दुसऱ्याला लावत होतो मी, पिशवीत वाजतोय आणि मी म्हणतोय उचल, उचल..." तो बोलत राहिला. बसला, उठला, पुन्हा बसला. तिनं इतकं सलग त्याला कधी ऐकलं होतं ते तिला आठवेना. बुटांवरचा चिखल वाळून टेबलाखाली पडत होता.

"मी मुद्दाम वळले," ती म्हणाली. "म्हणजे पाटीप्रमाणेच वळले. तुला सांगितलं नाही."

तो थांबला.

"दुकानात मी ऐकलं होतं. त्या दिवशी. खरखर नव्हती."

"माहीत आहे," तो म्हणाला. "हेल्मेट परत देताना इंटरकॉमचा दिवा चालू दिसला. निळा."

करवत थांबली होती. कुणीतरी फळ्या एकावर एक टाकत होतं.

"मग इतके दिवस?"

"मला वाटलं, तू काही बोलशील."

"मला वाटलं, तू."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "आज बोलायचं ठरवलं होतं. तिथं कानात असतेस, समोर नसतेस, म्हटलं जमेल. सुरुवात कशी करावी ते जुळवत होतो. म्हणून तर वळण चुकलं."

तिला हसू आलं आणि ते तिनं दाबलं नाही. तो नाही हसला, पण खांदे खाली आले. मग तिनं विचारलं, "खरं होतं का ते?" तो म्हणाला, "होतं." ती म्हणाली, "मलाही भीती वाटते," आणि ते खरं आहे हे तिला बोलून झाल्यावर कळलं. बाई चहाचे कप न्यायला आली, दोघांकडे बघून न नेताच परत गेली. तलावाकाठच्या गावी ते संध्याकाळी पोचले. खोली लहान होती, खिडकीतून पाणी दिसत होतं. फारसं काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी परतताना तिनं त्याला इंटरकॉम बंद करायला सांगितलं आणि त्यानं का म्हणून विचारलं नाही.

नकाशावर दुसरी रेघ तिनं ओढली, हिरव्या पेन्सिलीनं. त्याची निळी रेघ उत्तरेकडून जात होती तशीच ठेवली. हिरवी दक्षिणेकडून, नदी धरून. दर चौथ्या दिवशी दोन्ही रेघा एका गावात भेटत होत्या. त्यानं विचारलं, "म्हणजे वेगळं जायचं?" "वेगळं नाही," ती म्हणाली, "वेगळ्या रस्त्यानं." त्यानं भिंग घेतलं. एकटीनं नदीकाठचा रस्ता, पंप लांब लांब, पंक्चर झालं तर? तिनं सांगितलं की पंक्चर ती काढते, शिकलीय, आणि त्याच्यापेक्षा लवकर काढते. "आणि चार दिवस झाले की?" "की भेटू. तेव्हा सांगायला काहीतरी असेल." त्यानं एका गावाला खोडरबर लावलं आणि मुक्काम अलीकडे आणला, तिथला पूल अरुंद आहे म्हणून. लेकीचा फोन आला तेव्हा तिनं तिला हे सांगितलं. मग लेक म्हणाली, "आई, ही घटस्फोटाची तालीम चालली आहे का?" "मला तसं वाटत नाही," तिनं उत्तर दिलं. हो म्हणणंही तिला खोटं वाटलं असतं आणि नाही म्हणणंही. फोन ठेवल्यावर तिनं भिंतीवरचा लेकीचा जुना फोटो सरळ केला, तो वाकडा नव्हता तरी.

ठरल्या तारखेला ते किनाऱ्यावरून निघाले, दीड तास बरोबर गेले, आणि मग एका फाट्यावर तो डावीकडे गेला आणि ती उजवीकडे. हात दोघांनीही केला. त्यानं मागे वळून पाहिलं की नाही ते तिला आरशात दिसलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तीनला ती भेटीच्या गावी पोचली. खाणावळवजा लॉज, लाकडी जिना, वर दोन खोल्या. अंग धुतलं, कपडे बदलले, पुन्हा बदलले. खिडकीशी बसली. सव्वापाचला तो आला. वरून बघताना तिला एक मध्यम उंचीचा, पोट किंचित सुटलेला माणूस दिसला, ज्याचे केस हेल्मेटनं चपटे झाले होते आणि ज्यानं उतरल्यावर आधी गाडीच्या टाकीवर, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा, हात ठेवला. हे तो नेहमी करतो का? तिला माहीत नव्हतं. मग त्यानं अंगणात उभ्या असलेल्या तिच्या गाडीकडे पाहिलं, जवळ गेला, वाकला, डावीकडून फिरून आला. लॉजच्या मालकिणीला तो तिच्याबद्दल विचारत होता. शब्द ऐकू आले नाहीत, पण हातानं त्यानं तिची उंची दाखवली, जरा जास्तच.

जेवायला खाली बसले तेव्हा तो बोलू लागला. एका गावात त्याला हातानं ओढायची लिफ्ट सापडली होती, जुन्या गोदामात, अजून चालू असलेली. म्हाताऱ्या रखवालदारानं त्याला आत बसवून वर ओढलं आणि मधेच दमला, आणि वीस मिनिटं दोघं, एक वर आणि एक अधांतरी, गप्पा मारत होते. तो हे चांगलं सांगत होता. मधे थांबून रखवालदाराचा आवाज काढून दाखवत होता. मग तो म्हणाला, "आता तू." तिनं नदी सांगितली, होडीतून गाडी पलीकडे नेली ते सांगितलं, एका शाळेच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं सांगितलं. तिसऱ्या दिवसाचं तिनं सांगितलं नाही. सांगायचं नाही असं ठरवलं नव्हतं, पण तिथं आल्यावर ती पुढे गेली. रिकाम्या रस्त्यावर गाडीखालून पाय सोडवून ती दहा मिनिटं नुसती पडून राहिली होती, आकाशाकडे बघत, आणि मग पाठ लावून एकटीनं गाडी उचलली होती. तिच्या आयुष्यातली ती दहा मिनिटं कुणीही पाहिली नव्हती, आणि ती तशीच ठेवावीत असं तिला वाटत होतं.

तो उठला, बाहेर जाऊन आला आणि सामानातून आणलेलं, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या ताटाशेजारी ठेवलं. तिनं उलगडलं. हँडलवरच्या क्लचचा नवा लिव्हर होता.

"खाली तुझी गाडी पाहिली," तो म्हणाला. "वाकलाय तुझा. सकाळी बसवून देतो." आणि पुन्हा जेवू लागला.

ती प्रश्नाची वाट बघत राहिली. लागलं का, कुठे, कशी, मला फोन का नाही केलास. प्रश्न आला नाही. त्यानं मिठाची वाटी तिच्याकडे सरकवली. शेजारच्या टेबलावर दोन ट्रकवाले कशावरून तरी वाद घालत होते. तिला नीट ऐकू आलं की त्याचं चावणं थांबलंय; ताटाकडे बघत, घास तोंडात तसाच धरून तो थांबला होता. विचारणार नव्हता, पण होता तिथं.

"वाळू होती," ती म्हणाली.

त्यानं घास गिळला आणि चमचा खाली ठेवला. ती पाणी प्यायली, आणि मग तिनं अगदी सकाळपासून सुरुवात केली, वाळूच्या पुष्कळ आधीपासून, म्हणजे सांगायला वेळ लागेल.